अक्कांच्या मनगटावरचा काप्पू

"कशा आहात अक्का?" असं सकाळी विचारलं की त्या म्हणायच्या, "दमल्यें गे." सकाळी, हं! अजून एक पेशंट तपासलेला नाही, छत्री मिटलेली नाही, आणि बाई दमलेल्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या बाईंबरोबर आपलं काही जमायचं नाही. मग कळलं की 'दमल्यें' हा त्यांचा नमस्कारच होता. आता माझेही गुडघे गेलेत. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, सून विचारते "आई, बरं वाटत नाही का?" आणि माझ्या तोंडून तोच शब्द निघतो. तेव्हा अक्का आठवतात. एरवी मी आठवणी उगाळत बसणाऱ्यांतली नव्हे.

भाषावार प्रांत होऊन थोडीच वर्षं झाली होती. यजमानांची बदली मद्रासला झाली म्हणून मी साताऱ्याहून तिकडे गेले आणि नर्सिंगचा दाखला हाताशी होता म्हणून नोकरी धरली. मला वाटलं होतं, चांगल्या इस्पितळात लावतील. लावलं कुठे, तर अड्यारच्याही पुढे, बस जिथे दम टाकायची तिथून सुरूच्या बनातून वाळू तुडवत गेलं की कोळ्यांची एक वस्ती होती, तिथल्या आरोग्य केंद्रावर. केंद्र म्हणजे झापांचं छप्पर, दोन खोल्या आणि पुढे ओसरी. वाऱ्यानं औषधाच्या बाटल्यांवर वाळू बसायची. ती पुसायची, परत बसायची. माझं निम्मं आयुष्य तिथं वाळू पुसण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल.

अक्का तिथल्या डॉक्टर. जुन्या एल.एम.पी., म्हणजे परवान्याच्या डॉक्टर. तंजावरकडच्या मराठी. वस्तीतली माणसं त्यांना 'डाक्टरम्मा' म्हणत, मी अक्का म्हणे, कारण पहिल्याच दिवशी मी 'बाई' म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बाई म्हणू नको गे, शाळेतल्यागत वाटतं. अक्का म्हण." त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. सगळे म्हणजे 'अस्की', स्वयंपाकघर म्हणजे 'रांधपीघर', गप्प बस म्हणायचं तर 'उगे राहा'. वाक्य मराठी आणि सूर सगळा तमिळ, शेवटाला उंच उडालेला. मी हसले की म्हणायच्या, "हास. आमचे आजे राजांच्या वाड्यात हीच भाषा बोलत होते. तुमचीच बिघडलीय." असेल बाई. आम्ही दोघी मराठीच बोलायचो आणि अधूनमधून एकमेकींना मुळीच समजायचो नाही.

परकर नेसायच्या वयात त्यांचं लग्न झालं आणि त्याच वयात नवरा गेला. वडील कचेरीत होते, हट्टी होते. त्यांनी भाऊबंदांच्या शिव्या खात मुलीला शिकवलं. अक्का हे सगळं एका दमात सांगून टाकायच्या, कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं. पांढरं, बारीक काठाचं लुगडं, पुरुषी काळी छत्री, पायात टायरच्या वहाणा. वहाणा वाळूत रुतायच्या म्हणून बन संपलं की त्या काढून छत्रीच्या मुठीला अडकवायच्या. आणि छत्रीच्या दुसऱ्या अंगाला करवंटीचा डाव लटकलेला. लांब दांड्याचा.

त्या डावाचं सांगायलाच हवं. कुठल्याही घरी गेल्या की अक्का पेशंटकडे आधी बघायच्याच नाहीत. थेट पाण्याच्या घागरीकडे. झाकण आहे का, आत काय तरंगतंय, कुणी हात बुडवून पाणी घेतंय का. घेताना दिसलं की त्या डावाचा फटका बोटांवर बसलाच. मग तो पोर असो की सासूबाई. एकदा तर तलैवरच्या, म्हणजे गावच्या पुढाऱ्याच्याच हातावर बसला. धिप्पाड माणूस, वल्ही मारून मनगटं ही एवढी, हात चोळत राहिला आणि म्हणाला, "डाक्टरम्मा, हे माझंच घर आहे ना?" अक्का म्हणाल्या, "घर तुझं, पोट कुणाचं? उलटी झाली की धावत कुठे येतोस?" आणि डाव त्याच्या बायकोच्या हाती दिला. असे डाव त्यांनी घरोघर वाटले होते. करवंट्या त्या जेवण झाल्यावर स्वतः घासत बसायच्या, काचेच्या तुकड्यानं. मला म्हणायच्या, "तू पण घास." मी नर्स होते हो, सुतार नव्हते! पण घासायची.

त्यांचा सोवळेपणा हे दुसरं प्रकरण. मासळी कधी जिभेला लागलेली नाही. डबा उघडला की दहीभात, आणि तो भिंतीकडे तोंड करून खायचा. पण बाळंतिणीला दूध नसलं की ओसरीवरून ओरडायच्या, "पाल सुरा आणा! पिल्लू बघून, मोठा नको! उकडून, काटे काढून, लसूण घालून पुट्टू करा." पाल सुरा म्हणजे मुशीतलाच एक मासा, आणि पुट्टू म्हणजे त्याचा भुगा परतून केलेली भाजी. नवऱ्यानं भलताच मासा आणला तर लांबूनच ओळखायच्या आणि परत धाडायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, तुम्ही खाल्ला नाहीत, शिवला नाहीत, मग कळतं कसं?" तर म्हणाल्या, "मी पोर तरी कुठे जन्माला घातलंय गे? ती ओढून काढत्यें ना?" कप्पाळ माझं!

आणि एक. "बरी होशील" असं त्यांनी कुठल्या पेशंटला म्हटलेलं मी ऐकलं नाही. फार तर "बघू." माणसं रडायची, पाय धरायची, एक गोड शब्द मागायची. "बघू." मला राग यायचा. सांगितलं तर काय बिघडतं? एका दुपारी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या कट्टमरमच्या, म्हणजे तिकडच्या होडीच्या, ओंडक्यांवर त्या पडल्या होत्या, तोंडावर छत्री घेऊन, तेव्हा मी भांडलेच. छत्रीखालून आवाज आला, "म्हटलं होतं एकदा. अंबूच्या आईस. आता उगे राहा, डोळा लागतोय."

अंबू ही त्यांची भाची, भावाची मुलगी. आई तिच्या बाळंतपणातच गेली आणि पोर अक्कांच्या ओटीत आलं. वेस्ट मांबलमला भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत दोघी राहायच्या. भावानं पुढे दुसरं लग्न केलं. वहिनी वाईट नव्हत्या, पण रीतीला घट्ट. घरात मंगळागौर असो की मुंज, अक्का माडीवर. खाली सनया वाजायच्या आणि वर अक्का अंबूला घेऊन बसायच्या. अंबू कॉलेजात गेली, इंग्रजी फाडफाड बोलायला लागली आणि एक दिवस बापाला म्हणाली, "माझ्या लग्नात आत्या अंतरपाटाशी उभी राहील. नसेल तर लग्नच नको." घरात मोठंच रामायण झालं. मुलाकडची माणसं समंजस निघाली, हो म्हणाली, मग घरच्यांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

वैशाखातला मुहूर्त निघाला. अक्का मला ओढून टी. नगरला घेऊन गेल्या, साडी घ्यायला, स्वतःसाठी! दुकानातल्या माणसानं सवयीनं पांढरी लुगडी पुढे टाकली. अक्का म्हणाल्या, "त्या तिकडची दाखव." मोतिया रंगाची, तांबड्या काठाची. किती वेळ नुसता काठ अंगठ्यानं चाचपत होत्या. मला विचारलं, "हसतील का गे?" मी म्हटलं, "हसू देत की मेले!" घेतली साडी. परत येताना गर्दीत पिशवी पोटाशी धरून चालत होत्या. त्या दिवशी त्या दमल्या नव्हत्या. मी विचारलं नाही, पण दिसत होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीत पटकी आली.

विहिरी तळाला गेल्या होत्या, माणसं गाळ उपसून पीत होती. वरच्या ऑफिसातून हुकूम आला की आमच्या वस्तीत सगळ्यांना ताबडतोब सुया टोचा. पण नेमका देवीचा उत्सव लागला होता. मारियम्मनचा. गावच्या वेशीवर कडुलिंबाचे डहाळे बांधलेले आणि देवळात पुढाऱ्यांच्या मनगटांवर काप्पू बांधलेला. काप्पू म्हणजे हळदीत भिजवलेला दोरा, त्यात हळकुंडाचा तुकडा. तो एकदा बांधला की सगळा गाव देवीचा. दिवसा कामाला बाहेर जावं, पण रात्री कुणी वेशीबाहेर झोपायचं नाही, दुसऱ्या कुठल्या मंगलकार्याला जायचं नाही, आणि बाहेरच्या हातानं गावातल्या कुणाच्या अंगातून रक्ताचा थेंब निघता कामा नये. सुई म्हणजे रक्तच. तलैवर हात जोडून म्हणाला, "शेवटच्या दिवशी कूऴ वाटलं की काप्पू सुटेल. मग पाहिजे तेवढ्या टोचा." कूऴ ही नाचणीची आंबील. मोठाल्या हंड्यांत शिजवून देवीला दाखवतात आणि मग सगळा गाव पितो.

जीपमधून साहेब आला. म्हणाला, पोलीस आणतो. अक्का म्हणाल्या, "आण. अस्की कट्टमरम घेऊन समुद्रात जातील. तिथे टोच जाऊन." साहेब तणतणत गेला. अक्का ओसरीवर बसल्या, बराच वेळ समुद्राकडे बघत. मग उठल्या, पदर खोचला आणि सरळ देवळाकडे निघाल्या. मी मागोमाग.

देवळापुढे जाऊन त्यांनी तलैवरपुढे उजवा हात धरला. "बांध."

तो बघतच राहिला. बाकीचे खाली बघायला लागले. विधवेच्या हाताला मंगल दोरा! आमच्यात नाही आणि त्यांच्यातही नाही. तो चाचरत म्हणाला, "डाक्टरम्मा, तुम्हांला... कसं..."

"माझ्या कपाळाकडे बघू नको. मनगटाकडे बघ. बाहेरच्या हातानं टोचायचं नाही म्हणालास ना? मग हा हात आतला कर."

तेवढ्यात गावची सगळ्यांत म्हातारी बाई, जिचा चिरूट कधी विझलेला मी पाहिला नाही, ती चिरूट तोंडातून काढून ओरडली, "तुझी सगळी पोरं त्या हातानं ओढून काढली रे! तेव्हा नाही तो बाहेरचा झाला! बांध मुकाट्यानं!"

बांधला. अक्कांचा चेहरा नेहमीसारखाच, आंबट. पण हळदीचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं ते त्यांनी पुसलं नाही.

मग सुया सुरू झाल्या. मी बाहेरची, म्हणून मी फक्त स्टोव्हवर सुया उकळायच्या आणि भरून द्यायच्या. टोचायचं एकट्या अक्कांनी. रांगा लागल्या. संध्याकाळी त्यांची बोटं मिटेनात, मी कोमट तेल चोळायची आणि बडबडायची. "आता तुम्हांला रात्री घरी जाता यायचं नाही. लग्न तोंडावर आलंय." त्या म्हणाल्या, "कूऴ झालं की काप्पू सुटतो. लग्न त्याच्यानंतर आहे गे. पंचांग बघितलंय मी." केंद्रातल्या बाकावर झोपायच्या. अंबू पहाटेच्या बसनं त्यांची नवी साडी आणि चोळी आणून देऊन गेली, म्हणजे काप्पू सुटला की इथूनच नेसून निघता येईल. वस्तीतल्या बायकांना सगळं ठाऊक होतं. त्या येऊन साडीला हात लावून बघायच्या. चांगले मोगऱ्याचे गजरे करून देऊ म्हणायच्या. कधी नव्हे ते अक्कांच्या लग्नघरची तयारी चालली होती, आणि ती कुठे, तर कोळीवाड्यात.

कूऴाच्या आदल्या दुपारी कन्नियम्माला आणलं. टोपली घेऊन मासळी विकायची ती. सुईच्या दिवशी 'मला झाली टोचून' म्हणून मागच्या मागे सटकली होती, आणि शेजारच्या वस्तीत बहिणीकडे दिवसा जाऊन आली होती. डोळे खोल, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. मी भांडं बघितलं आणि अक्कांकडे बघितलं. तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी. सांगायला नकोच होतं.

"ही कूऴाला होती का?" अक्कांनी बाहेरच्या बायकांना विचारलं.

होती. नाचणी तिनंच कालवली होती. पाणी तिनं भरलं होतं. कूऴ शिजून देवळात हंड्यांत झाकून ठेवलेलं. सकाळी त्यात ताक आणि गार पाणी घालून हातानं ढवळायचं, कांदा घालायचा आणि वाटायचं.

तलैवर आला. गडी शहाणा होता. त्यानं सगळं ओळखलं. अक्कांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अम्मा, चित्तिरै महिना आहे. उन्हानं कुणाचं पोट बिघडत नाही? तुम्ही 'ऊन बाधलं' म्हणा. हिला आत ठेवा, औषध द्या. गावात साथ आली, देवीचा कोप झाला असं तुमच्या तोंडून निघालं तर उत्सव तिथेच थांबवावा लागेल. कूऴ नाही, काही नाही. आणि हिला उतार पडून ही न्हाईपर्यंत कुणाचा काप्पू सुटायचा नाही. तुमचासुद्धा. तुमच्या पोरीचं लग्न आहे, अम्मा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो फसवत नव्हता, तो अक्कांसाठी बोलत होता. म्हणून तर जास्त कठीण.

मी मराठीत म्हटलं, "अक्का, मी हंडे गुपचूप लवंडून टाकते. कुत्र्यानं तोंड घातलं म्हणू."

"आणि घरोघरच्या घागरी? त्या कोण लवंडणार? हिनं पाणी कुठून कुठून भरलं, कुणाकडे बसून जेवली? भीती वाटली तर उकळतील. 'ऊन' म्हटलं तर हसून पितील."

त्या जाऊन ओंडक्यांवर बसल्या. छत्री उघडली नाही, उन्हातच. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी त्यांचं स्वतःचं व्हायचं होतं. तेवढंच एक. मी लांब उभी राहिले. मनात म्हणत होते, म्हणा हो 'ऊन बाधलं', म्हणा एकदाचं. नर्स असून म्हणत होते. अजून मला त्याची लाज वाटत नाही.

मग त्या उठल्या. देवळापुढे माणसं जमली होतीच. अक्कांनी आवाज चढवून तमिळमध्ये सांगितलं, "कन्नियम्माला वांतिबेदी झाली आहे. पटकी. कूऴ कुणी तोंडाला लावायचं नाही. खड्डा खणा. पाणी उकळल्याशिवाय पोराच्या ओठाला लावाल तर याद राखा."

तो शब्द गावात कुणी मोठ्यानं उच्चारत नसत. मग बायकांनी छाती पिटायला सुरुवात केली. पुरुषांनी खड्डा खणला, हंडे ओतले. वर्षभर वाट बघितलेलं कूऴ वाळूत जिरताना बघणं सोपं नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "विधवेच्या हाताला काप्पू बांधला म्हणून झालं हे!" तलैवरनं त्या माणसाच्या मुस्काटात मारली, पण बोललेलं बोललं गेलं होतं. अक्कांनी ऐकलं. चालत केंद्रावर आल्या, हात फिनेलनं धुतले आणि म्हणाल्या, "सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तू शहरात जा. हात धू, आणि जाता जाता मांबलमला सांग, ओसरीवरूनच."

मी म्हटलं, "तो दोरा कापा ना, अक्का. तुम्ही कुठे मानता हे सगळं? तो मेला तुम्हांला काय म्हणतो आणि तुम्ही..."

"मी मानत नाही. ते मानतात. मी दोरा कापला तर उद्या सुईपण खोटी. आणि हिच्याजवळून उठून लग्नघरात जाऊ? अस्की पाहुणे, पोरंबाळं. बरं दिसंल का? जा, बस चुकेल."

बाटल्या मिळवल्या आणि मी वेस्ट मांबलमला गेले. रस्त्यात झापांचा मांडव, केळीचे खांब, आत बुंदीचा वास. वहिनींनी ओसरीवरच गाठलं. मी सांगितलं. आधी त्यांचा चेहरा पडला, मग हळूहळू सैल झाला. "अगंबाई! बरंच झालं म्हणायचं. म्हणजे तसं नव्हे हो... पण देवानंच सोडवलं. चार माणसांत उगाच बोलणं झालं असतं. कॉफी घेता ना?" कॉफी माझ्यापुढे आली. मी ती तशीच ठेवून उठले. माझा संताप संताप झाला होता. अंबू दारात उभी होती, हातावर मेंदी ओली. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "मी लग्न पुढे ढकलते." मी म्हटलं, "खुळी आहेस का? तसं केलंस तर ती मला जिवंत ठेवेल का?" ती रडली नाही. रंगलेले हात तसेच समोर धरून उभी राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी अक्का नेहमीसारख्या कामाला लागल्या. कन्नियम्माला कंजी चमच्यानं पाजत होत्या. तिचे खोल गेलेले डोळे पुन्हा वर यायला लागले होते, बंद पडलेली लघवी सुरू झाली होती. मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "घड्याळाकडे काय बघतेस? सुया उकळ." नवी साडी कागदात गुंडाळलेली, औषधांच्या कपाटावर होती. तिच्यावर वाळू बसली होती. मी पुसायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे."

टळटळीत दुपार झाली तेव्हा बाहेर बायकांची कुजबुज वाढली. मी ओसरीवर आले तर सुरूच्या बनातून अंबू येत होती. नऊवारी शालू, कपाळावर मुंडावळ्या अजून तशाच, आणि मागे नवरदेव, हातात स्वतःचे बूट घेऊन, घामानं निथळत. टॅक्सी रस्ता संपतो तिथे सोडून वाळूतून चालत आली होती दोघं.

"अक्का!" मी हाक मारली.

त्या बाहेर आल्या आणि बघताक्षणी किंचाळल्या, "तिथेच! एक पाऊल पुढे टाकू नको!"

अंबू थांबली. बनाच्या सावलीच्या कडेला ती, ओसरीच्या पायरीवर अक्का, मधे पांढरी तापलेली वाळू.

"आत्या, नमस्कार करून जाते फक्त."

"तिथून कर. संध्याकाळी सासरच्या रांधपीघरात जाशील. अस्की तुझ्या हातचं जेवतील. इथली वाळूसुद्धा पायाला लावून न्यायची नाही. सांगितलं ना, थांब!"

दोघं तिथूनच वाकली. अक्कांचा हात आशीर्वादासाठी उठला आणि त्यावरचा पिवळा दोरा उन्हात दिसला. त्या काही पुटपुटल्या असतील, मला ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "फिर गे. मागून बघू दे."

अंबू पाठमोरी झाली. कमरेखालपर्यंत वेणी, मोगरा आणि अबोली गुंफलेली. अक्का डोळ्यांवर हात आडवा धरून बघत राहिल्या. वस्तीतल्या बायका, त्या दिवशी छाती पिटणाऱ्यासुद्धा, ओसरीपाशी येऊन बघत होत्या.

"वेणी तिरकी आलीय," अक्का म्हणाल्या. "कुणी घातली?"

"धाकट्या आईनं."

"मी असत्यें तर सरळ आली असती."

एवढंच. इतक्या वर्षांत या बाईंच्या तोंडून स्वतःसाठी निघालेली ती एकच तक्रार. आणि अंबूनं काय करावं? ती पाठमोरीच, शालू नेसलेली, मटकन वाळूत बसली. लहानपणापासून रोज सकाळी बसत असेल तशी, मान ताठ करून. "ये, सरळ कर," म्हणाली.

अक्का एक पायरी उतरल्या. मी बघितलं, उतरल्या. हात पुढे झाले होते. मग त्यांनी ते हात स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरले. फिनेलनं कातडी सोललेली, नखांत ब्लीचिंगची पांढरी पूड. ते त्यांनी पदरात गुंडाळले.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "शालू मळेल."

अंबू बसून राहिली.

"ऊठ गे राणी. ऊन लागेल."

ती उठली. नवरदेवानं तिच्या शालूची वाळू झटकली. दोघं बनात शिरली तरी अक्का पायरीवरच होत्या. टॅक्सीचा आवाज आला, लांब गेला. आतून कन्नियम्मानं क्षीण आवाजात विचारलं, "कोण आलं होतं, अम्मा?"

"माझी पोर," अक्का म्हणाल्या, आणि तिची कंजी निवत होती म्हणून आत गेल्या.